विमानात चढण्याची रांग: कोल्हापूरहून पहिल्यांदा विमानाने निघणाऱ्यांसाठी

उजळाईवाडीच्या विमानतळावरून आता व्यापारी आणि अधिकारीच नव्हे, तर शिक्षणासाठी निघालेले विद्यार्थी, मुलांकडे जाणारे आई-वडील आणि तिरुपतीच्या दर्शनाला निघालेली वयस्कर जोडपीही प्रवास करतात, आणि त्यांपैकी अनेकांचा तो पहिलाच विमानप्रवास असतो. तिकीट बहुधा मुलाने किंवा पुतण्याने मोबाईलवर काढून दिलेले असते. कोणते ओळखपत्र न्यावे आणि सामान किती असावे हेही घरच्यांनी सांगितलेले असते. मात्र गेटसमोर रांग लागल्यावर नेमके काय करायचे, आपल्याला बाजूला थांबवून दुसऱ्याला पुढे का सोडले आणि त्यात आपला अपमान झाला का, याबद्दल कोणी काही सांगितलेले नसते. त्या रांगेची पूर्ण माहिती या लेखात क्रमाने दिली आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मध्यवर्ती बसस्थानकावर एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली सवय जुनी आहे, आणि तिथे ती उपयोगाचीही ठरते. विमानात मात्र तुमचे आसन बोर्डिंग पासवर छापलेले असते. तुम्ही पहिले चढा किंवा शेवटचे, ते आसन दुसऱ्या कोणाला मिळत नाही. आसन क्रमांक न देता, ‘जो आधी चढेल तो जागा निवडेल’ या पद्धतीने अनेक दशके चाललेली साउथवेस्ट ही अमेरिकेतील मोठी कंपनीसुद्धा २७ जानेवारी २०२६ पासून ठरलेल्या आसनांवर आली आहे. लवकर चढण्याचा खरा लाभ एवढाच, की डोक्यावरच्या कप्प्यात आपली बॅग आपल्या जवळ ठेवायला जागा मिळते. हे पटले की रांगेतली निम्मी घाई आपोआप कमी होते.

आदल्या दिवशी: बोर्डिंग पास नीट वाचा

शक्यतो आदल्या दिवशीच वेब चेक-इन, म्हणजे आपण प्रवासाला येत असल्याची नोंद कंपनीच्या संकेतस्थळावर, करून बोर्डिंग पास मोबाईलवर घ्यावा आणि त्याची एक छापील प्रतही जवळ ठेवावी. गेटवर मोबाईलची बॅटरी संपणे किंवा पडद्यावरचा चौकोनी कोड न उघडणे हे नवख्या प्रवाशाच्या खोळंब्याचे नेहमीचे कारण असते, आणि कागद हाती असला तर ते टळते.

पासवरील चार नोंदी शोधाव्यात. पहिली नोंद आसन क्रमांकाची, उदाहरणार्थ १२ ए. यातील अंक ओळीचा आणि अक्षर त्या ओळीतील जागेचे असते. दुसरी बोर्डिंगच्या वेळेची. ही विमान सुटण्याची वेळ नव्हे. ती त्याच्या बरीच आधीची असते आणि आपल्याला पाळायची असते ती हीच. तिसरी नोंद झोनची किंवा गटाची, जी काही कंपन्या छापतात आणि काही छापत नाहीत. चौथी नोंद अनुक्रमांकाची असते आणि तिच्यावरून हमखास गैरसमज होतो. हा अनुक्रमांक म्हणजे तुम्ही कितव्या क्रमांकाने चेक-इन केले याची नोंद होय; विमानात चढण्याच्या क्रमाशी तिचा काहीही संबंध नाही. ‘माझा नंबर सातवा आहे, मला सातवे सोडा’ असे सांगणाऱ्या प्रवाशाला गेटवरील कर्मचारी शांतपणे परत पाठवतात, ते याच कारणाने.

ज्यांना लांब चालणे किंवा पायऱ्या चढणे जमत नाही, अशा ज्येष्ठांसाठी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच, किंवा निदान ४८ तास आधी, कंपनीकडे नोंदवावी. आयत्या वेळी मागितली तरी कर्मचारी मदत करतात, पण कोल्हापूरसारख्या लहान विमानतळावर मनुष्यबळ मर्यादित असते आणि मग वाट पाहावी लागते.

विमानतळावर: गेटपर्यंतची वेळ

देशांतर्गत प्रवासासाठी चेक-इनची खिडकी बहुधा विमान सुटण्याच्या ६० मिनिटे आधी आणि बोर्डिंग गेट साधारणपणे २५ मिनिटे आधी बंद होते. नेमकी मिनिटे आपल्या कंपनीच्या पासवर पाहावीत. २०२४ च्या मार्चमध्ये उद्घाटन झालेली नवी टर्मिनल इमारत जुन्या इमारतीच्या मानाने प्रशस्त आहे आणि महानगरांतील विमानतळांच्या तुलनेत इथली सर्व अंतरे अगदी लहान आहेत. त्यामुळेच ‘विमानतळ तर घराजवळच आहे’ म्हणून लोक उशिरा निघतात. दीड ते दोन तास आधी पोहोचणे योग्य.

हातातील सामान साधारणपणे एक नग आणि ७ किलोपर्यंत असावे. त्याखेरीज पर्स किंवा लॅपटॉपची लहान पिशवी चालते. कोल्हापूरहून पाहुण्यांकडे जाताना गुळाची ढेप, कांदा-लसूण चटणी आणि लोणच्याची बरणी बरोबर असतेच. ही सारी मंडळी काउंटरवर वजन करून पाठवायच्या बॅगेत, नीट बांधून ठेवावीत. तिखट आणि तेलकट पदार्थ हातातल्या बॅगेत असले तर सुरक्षा तपासणीत बॅग उघडली जाते, वेळ जातो, आणि तेवढ्यात तुमच्या गटाची पुकार होऊन गेलेली असते.

क्रम कसा लागतो

बोर्डिंग सुरू झाले की पहिला मान मदतीची गरज असलेल्यांचा असतो. व्हीलचेअरवरील प्रवासी, दिव्यांग प्रवासी, एकटे प्रवास करणारे लहान मूल आणि तान्ह्या बाळासह निघालेले पालक यांना आधी नेतात, कारण त्यांना आसनापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि मागे गर्दी नसेल तर तो निवांतपणे देता येतो. मला हा नियम सर्वांत योग्य वाटतो, आणि कोणी तो मोडू पाहत असेल तर रांगेतील प्रत्येकाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने उभे राहावे असे मी आग्रहाने म्हणेन. यानंतर, असल्यास, बिझनेस क्लासचे प्रवासी, कंपनीचे नेहमीचे सदस्य आणि लवकर चढण्यासाठी वेगळे पैसे भरलेले प्रवासी येतात. उरलेल्यांना ओळींच्या किंवा झोनच्या क्रमाने बोलावले जाते.

एकाच तिकिटावर असलेल्या कुटुंबाबद्दल नेहमी प्रश्न विचारला जातो. बाळ आईजवळ असेल तर वडील आणि मोठे भावंडही बहुधा बरोबरच सोडले जातात. पण आजोबांना व्हीलचेअर आहे म्हणून दहा जणांच्या अख्ख्या गोतावळ्याने पुढे यावे, असा त्याचा अर्थ होत नाही. आजोबांसोबत एक जण जाईल, बाकीच्यांनी आपल्या क्रमाने यावे. व्हीलचेअरवरील प्रवासी सर्वांत आधी चढतात आणि सर्वांत शेवटी उतरतात, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर उतरताना ‘आम्हालाच का थांबवले’ अशी तक्रार होते.

ओळींच्या क्रमाबद्दल आपल्याला वाटते त्यापेक्षा वेगळे सत्य संशोधनातून पुढे आले आहे. मागच्या ओळी आधी भरत आणल्या की काम लवकर होईल, असे कोणालाही सहज वाटेल. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जेसन स्टेफन यांनी २००८ मध्ये या प्रश्नाचा गणिती अभ्यास मांडला आणि पुढे विमानाच्या नकली केबिनमध्ये ७२ जणांना सामानासह बसवून प्रत्यक्ष वेळ मोजण्यात आली. ओळींचे गट करून चढवायला ६ मिनिटे ५४ सेकंद लागले, तर कोणताही क्रम न लावता सोडले तेव्हा ४ मिनिटे ४४ सेकंदांत सगळे बसले. आधी खिडकीचे, मग मधले, मग चालण्याच्या वाटेकडेचे, असा क्रम लावल्यावर ४ मिनिटे १३ सेकंद, आणि खिडकीच्या जागा मागून पुढे एकाआड एक ओळीने भरत येण्याच्या स्टेफन यांच्या स्वतःच्या पद्धतीने केवळ ३ मिनिटे ३६ सेकंद लागले. कारण साधे आहे: लागून असलेल्या ओळींतले सगळे एकदम आले की एकाची बॅग वर चढेपर्यंत त्याच्या मागचे सर्व जण अरुंद वाटेत अडकतात; तेच लोक अंतराअंतराने उभे राहिले तर अनेक जणांच्या बॅगा एकाच वेळी वर जातात. स्टेफन यांचा क्रम मात्र माणसांना एकेकटे करून मोजतो, आणि आई-मुलाला वेगवेगळे चढवणे कोणत्याही कंपनीला शक्य नसते. म्हणून युनायटेड या अमेरिकी कंपनीने २६ ऑक्टोबर २०२३ पासून खिडकी, मधली, कडेची हा सोपा क्रम स्वीकारला आणि एका आरक्षणावरच्या कुटुंबांना एकत्र ठेवले.

कोल्हापूरच्या प्रवाशाला याहून अधिक कामाची गोष्ट विमानाच्या प्रकाराची आहे. इथून इंडिगोची पंखे असलेली एटीआर ७२ विमाने आणि स्टार एअरची एम्ब्राएर बनावटीची जेट विमाने उडत आली आहेत. एटीआरमध्ये प्रवाशांचे दार शेपटीकडे असते. पुढचे दार सामानाचे असते. म्हणजे पहिल्या ओळीच्या माणसाला सबंध विमान ओलांडून जावे लागते आणि शेवटच्या ओळीचा माणूस आत पाऊल टाकताच बसतो. मागच्या ओळी आधी भरल्या तर त्या ओळींतले लोक बॅगा ठेवत दारातच उभे राहतील आणि बाकी सगळे बाहेर खोळंबतील. त्यामुळे एटीआरला पुढच्या ओळी आधी बोलावल्या तर नवल मानू नये. शिवाय या विमानात वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच जागा असतात, मधली जागा नसतेच.

लवकर चढण्यासाठी जादा पैसे भरावेत का? कोल्हापूरहून सुटणाऱ्या लहान विमानासाठी भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विमान लहान असल्याने पंधरा-वीस मिनिटांत सगळे चढून होतात, आणि आसन तर आपलेच असते. मोठ्या बॅगेची काळजी असेल तर ती काउंटरवर देऊन टाकणे उत्तम.

क्रम कसा पाळला जातो

गेटवर बहुधा दोन पट्ट्यांच्या रांगा असतात: एक प्राधान्याची आणि दुसरी सर्वांची. आपल्याला कोणती लागू आहे ते फलकावर वाचावे. दोन्ही रिकाम्या दिसल्या तरी सर्वांच्या रांगेतच उभे राहावे, कारण पुढे कर्मचारी पास पाहून परत पाठवतात आणि मग शेवटी जावे लागते. पहिली चाळणी कर्मचाऱ्याच्या नजरेची असते. तो झोन किंवा ओळ पाहतो, ‘थोडे थांबा’ म्हणतो, आणि तेवढ्याने बहुतेक वेळा काम होते.

दुसरी चाळणी यंत्राची असते. पासवरचा कोड यंत्राने वाचला की त्या प्रवाशाची ‘चढला’ अशी नोंद होते. हाच पास आधी कोणी वापरला असेल, विमान वेगळे असेल किंवा आसन बदलले असेल, तर यंत्र लगेच इशारा देते. काही कंपन्यांनी हाच इशारा क्रमासाठीही वापरायला सुरुवात केली आहे. अमेरिकन एअरलाइन्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये शंभराहून अधिक विमानतळांवर अशी व्यवस्था आणली, की आपल्या गटाआधी कोणी पास लावला तर यंत्रातून आवाज येतो आणि कर्मचारी त्याला त्याच्या गटाची वाट पाहायला सांगू शकतो. यात मला चांगली गोष्ट ही वाटते, की यंत्र सर्वांना एकाच मापाने मोजते. वाद कर्मचाऱ्याशी राहत नाही.

तिसरी बाब मोजणीची, आणि ती क्रमापेक्षा किती तरी गंभीर आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन त्यातील सर्व ३२९ जण मरण पावले. ज्या बॅगेत बॉम्ब होता, तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर प्रवासी आणि त्याची बॅग यांची सांगड घालण्याचा नियम जगभर कडक झाला. आज चेक-इन केलेला प्रवासी गेटवर आला नाही, तर विमानाच्या पोटात, म्हणजे सामानाच्या कप्प्यात, ठेवलेली त्याची बॅग शोधून उतरवावी लागते आणि सर्वांचा खोळंबा होतो. ध्वनिक्षेपकावरून एखाद्याचे नाव पुन्हा पुन्हा पुकारले जाते, त्यामागे हे कारण असते. चहाच्या स्टॉलवर बसून ‘अजून रांग आहे, जाऊ की सावकाश’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

प्रत्यक्ष गेटवर काय करावे

गेटच्या जवळ, पुकार ऐकू येईल अशा जागी बसावे, पण आपला गट पुकारेपर्यंत रांगेत उभे राहू नये. विशेषतः वडीलधाऱ्यांना उगाच अर्धा तास उभे ठेवू नये. आपली पुकार झाली की पास आणि ओळखपत्र हातात घेऊन उठावे. पिशवीच्या तळाशी ठेवलेले पाकीट रांगेच्या तोंडाशी आल्यावर शोधायला लागू नये. एकाच मोबाईलवर चौघांचे पास असतील तर चौघांनी एकामागोमाग राहावे आणि मोबाईलधारकाने सर्वांत पुढे राहून प्रत्येकाचा पास क्रमाने दाखवावा.

कोणी मध्ये घुसले तर आवाज चढवण्याची गरज नसते. ‘दादा, तुमचा झोन पुकारलाय का?’ किंवा ‘मावशी, रांग तिकडनं आहे बघा’ एवढे आदराने विचारले की बहुतेक माणसे स्वतःहून मागे जातात. नाही गेली तर कर्मचाऱ्याला सांगावे आणि विषय त्याच्यावर सोडावा. भांडण वाढवण्याचे परिणाम आपल्याला वाटतात त्यापेक्षा मोठे असू शकतात. बेशिस्त प्रवाशांसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ मध्ये केलेल्या नियमांनुसार नुसत्या शाब्दिक गैरवर्तनालाही तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी होऊ शकते, तर अंगावर हात टाकल्यास ती सहा महिन्यांपर्यंत जाऊ शकते.

गेटवर कर्मचाऱ्याने तुमची बॅग मोठी आहे म्हणून पोटात पाठवायला मागितली, तर ती देण्यापूर्वी त्यातून पॉवर बँक, औषधे, दागिने आणि कागदपत्रे काढून घ्यावीत. पॉवर बँक पोटातल्या सामानात ठेवायला मनाई आहे. ती नेहमी हातातच असावी.

गेटपासून आसनापर्यंत

लहान विमानतळावर गेटमधून बाहेर पडल्यावर विमानापर्यंत चालत किंवा बसने जावे लागते. चालत असाल तर आखून दिलेल्या वाटेनेच, कर्मचाऱ्याच्या मागोमाग जावे. एटीआरचे पंखे फिरत नसले तरी त्यांच्या बाजूला जाऊ नये. लहान मुलाचा हात घट्ट धरावा आणि फोटो काढण्यासाठी मध्ये थांबू नये. पुण्याहून जात असाल तर तो विमानतळ हवाई दलाच्या तळावर असल्याने तिथे छायाचित्रणाला मनाई असते.

बस असेल तर मात्र रांगेतला क्रम बराचसा उलटतो. जो आधी बसमध्ये शिरतो तो आत खोलवर जातो आणि जो शेवटी येतो तो दाराशी उभा राहून विमानापाशी पहिला उतरतो. म्हणून बसच्या गेटवर रांगेत पुढे जाण्यासाठी केलेली धडपड बहुधा वाया जाते.

आत शिरल्यावर आपल्या ओळीपाशी थांबून बॅग वर ठेवावी आणि लगेच ओळीच्या आत सरकावे, म्हणजे मागच्यांची वाट मोकळी होते. जॅकेट घडी करणे, पाण्याची बाटली शोधणे ही कामे बसल्यावर करावीत. पुढे जागा रिकामी दिसली म्हणून तिथे जाऊन बसू नये. लहान विमानात वजनाचा तोल साधण्यासाठी कोण कुठे बसले आहे हे महत्त्वाचे असते, आणि कधी कधी कर्मचारीच एखाद्याला दुसऱ्या ओळीत बसायला सांगतात. तसे सांगितले तर मुकाट्याने ऐकावे.

पुढे दुसरे विमान असेल तर

हैदराबाद, बंगळूर किंवा मुंबईला उतरून पुढचे विमान धरायचे असेल तर इथल्या सवयींवर विसंबू नये. तिथे एका टोकाच्या गेटवरून दुसऱ्या टोकापर्यंत चालायलाच बराच वेळ जातो आणि गेटचा क्रमांक आयत्या वेळी बदलू शकतो. मुंबईसारख्या विमानतळावर बोर्डिंगच्या सरसकट घोषणा होत नाहीत; माहिती पडद्यावर आणि मोबाईलच्या संदेशात येते. पडद्यावर आपले विमान शोधणे जमत नसेल तर जवळच्या कर्मचाऱ्याला पास दाखवून विचारावे, त्यात संकोच करण्याचे काही कारण नाही.

गेटवर नकार मिळाला तर

उशिरा पोहोचल्यामुळे गेट बंद झाले असेल, तर विनवणीचा बहुधा उपयोग होत नाही आणि भरपाईही मिळत नाही. लगेच त्याच कंपनीच्या खिडकीवर जाऊन पुढच्या विमानाची चौकशी करावी. पण तुम्ही वेळेत हजर आहात, पास पक्का आहे आणि जास्त तिकिटे विकली गेल्याने तुम्हाला चढू दिले जात नाही, अशी स्थिती असेल तर हक्क तुमच्या बाजूने आहे. कंपनीने आधी स्वेच्छेने मागे राहणारे प्रवासी विचारायला हवेत. त्यानंतरही तुम्हाला थांबवले आणि एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर नियमानुसार २४ तासांच्या आतील पर्यायी विमानासाठी एका बाजूचे मूळ भाडे व इंधन अधिभार यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये, आणि त्याहून उशिराच्या विमानासाठी ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये भरपाई ठरलेली आहे. अशा वेळी गेटवर वाद घालत बसण्यापेक्षा नकाराचे कारण लेखी मागावे, पास आणि बॅगेची पावती जपून ठेवावी, आणि कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर त्या कागदांसह तक्रार नोंदवावी.